मागें न फिरणारा पडदा

गेलेल्या काळाची ओढ ही रसिकाची मैत्रीण असली, तरी टीकाकाराला तिची संगत फारशी सोयीची नाहीं. ती जवळ येऊन बसली कीं प्रत्येक जुनी वस्तु गोजिरवाणी दिसूं लागते, आणि आपण त्या वस्तूची स्तुति करीत आहों कीं ती वस्तु हातांत होती त्या वेळच्या आपल्या वयाची, हें ठरविणें कठीण होऊन बसतें. या ओढीला पाश्चात्त्यांनीं 'नॉस्टॅल्जिया' हें जें नांव दिलें, तें मुळांत एका दुखण्याचें नांव होतें. योहानेस होफर नांवाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानें १६८८ सालीं स्वित्झर्लंडांतील बाझेल येथें सादर केलेल्या प्रबंधांत तें प्रथम योजिलें. घरापासून दूर पडलेल्या माणसाला घराच्या आठवणीनें झुरणीचा जो विकार जडतो, त्याचें वर्णन त्या प्रबंधांत होतें. 'परतणें' आणि 'वेदना' या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून हें नांव सिद्ध झालें. आज या विकाराला कोणी विकार मानीत नाहीं. उलट त्यावर मोठा व्यापार चालतो: जुनें गाणें नव्या वाद्यवृंदांत, जुना चित्रपट नव्या रंगांत, आणि जुना व्हिडिओ गेम नव्या यंत्रावर.

यांपैकीं तिसऱ्या जातीच्या एका कृतीचा विचार येथें करावयाचा आहे. साहित्याच्या मासिकांत असल्या खेळाला जागा कशाला, अशी शंका कांहीं वाचकांना येईल. ज्या कृतींत कोणीएकानें साधनांच्या ठराविक मर्यादेंत बुद्धिपुरस्सर रचना केली आहे, आणि जी लक्षावधि माणसांनीं मन लावून अनुभविली आहे, ती चांगली कीं वाईट, व कां, हें विचारणें टीकेच्या कक्षेबाहेरचें नाहीं, एवढेंच त्यावर आमचें उत्तर आहे. शिवाय आज ज्या घरांत आईबाप आपल्या लहानपणचे खेळ मुलांच्या हातीं कौतुकानें देत आहेत, त्या घरांना तरी हा विचार उपयोगी पडावा.

निन्टेंडो या जपानी कंपनीनें 'गेम बॉय' हें हातांत धरून खेळावयाचें यंत्र २१ एप्रिल १९८९ रोजीं जपानांत विक्रीस काढलें, आणि त्याच दिवशीं 'सुपर मारिओ लँड' हा खेळहि बाजारांत आला. दोहोंच्या मागें गुनपेई योकोई या अभियंत्याचा विभाग होता. योकोई हा १९६५ सालीं या कंपनींत आला. आगगाडींत एक प्रवासी गणकयंत्राचीं बटणें उगीच दाबीत बसलेला त्यानें पाहिला, आणि त्यावरून खिशांत मावणाऱ्या खेळाची कल्पना त्याला सुचली, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. १९८० सालच्या 'गेम अँड वॉच' या त्याच्या खेळांचा उगम तो हाच. आपल्या कार्यपद्धतीला तो 'वाळलेल्या तंत्राचा आडवा विचार' म्हणत असे. ज्या तंत्राची नवलाई सरली आहे, जें स्वस्त झालें आहे, ज्याचे गुणदोष सर्वांना ठाऊक आहेत, तें उचलून अनपेक्षित ठिकाणीं वापरावें, असा त्याचा आशय. आमच्या स्वयंपाकघराच्या भाषेंत याला वाळलेलें न म्हणतां मुरलेलें तंत्र म्हणावें लागेल.

गेम बॉयचा पडदा हें या मुरलेल्या तंत्राचें उत्तम उदाहरण होय. त्यावर आडवे १६० आणि उभे १४४ ठिपके; रंग म्हणाल तर हिरवट छटेच्या फक्त चार पायऱ्या. पडद्याला स्वतःचा उजेड नाहीं, त्यामुळें खेळणाऱ्यानें खिडकीशीं किंवा दिव्याखालीं बसावें. वेगानें सरकणारी आकृति आपल्यामागें पुसट सावली ओढीत जाते. त्याच सुमारास आलेल्या अटारीच्या 'लिंक्स' आणि सेगाच्या 'गेम गिअर' या यंत्रांचे पडदे रंगीत आणि उजळ होते. परंतु तीं यंत्रें सहा पेन्सिल सेल थोड्याच तासांत रिकामे करीत, तर गेम बॉयचे चार सेल दिवसचे दिवस पुरत. लोकांनीं कोणाला कौल दिला हें आकड्यांवरूनच दिसतें: गेम बॉय व त्याची पुढची रंगीत आवृत्ति मिळून ११ कोटींहून अधिक यंत्रें खपलीं, आणि एकट्या 'सुपर मारिओ लँड'च्या १ कोटि ८० लक्षांहून अधिक प्रती गेल्या. खप हें गुणाचें प्रमाण नव्हे, हें आम्ही जाणतों. म्हणून आतां खेळाकडे वळूं.

ज्या खेळांत एक आकृति ओटे, पायऱ्या, खड्डे आणि शत्रु यांवरून उड्या मारीत एका टोकापासून दुसऱ्या टोकास नेावयाची असते, त्याला 'प्लॅटफॉर्म गेम' म्हणतात. १९८५ सालच्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'नें या प्रकाराला घरोघर पोंचविलें. त्या कृतीचा कर्ता शिगेरु मियामोतो याचा 'सुपर मारिओ लँड'मध्यें प्रत्यक्ष हात नव्हता. येथें दिग्दर्शन सातोरु ओकादा याचें व संगीत हिरोकाझु तानाका याचें आहे. कथा नांवापुरतीच. सरसालँड नांवाच्या देशाची राजकन्या डेझी हिला ततंगा नांवाच्या परग्रहवासीयानें पळविलें आहे, आणि मिशाळ नायक मारिओ तिला सोडविण्यास निघाला आहे. देशाचीं राज्यें चार, प्रत्येकाचे टप्पे तीन. असे एकंदर बारा टप्पे संपले कीं खेळ संपला. सराईत हाताला त्यास एक तासहि लागत नाहीं. सबंध कार्ट्रिजमध्यें माहिती मावते ती अवघी ६४ किलोबाइट. आज खिशांतल्या फोननें काढलेल्या एका छायाचित्राला याच्या कित्येक पट जागा लागते.

एवढ्याशा जागेंत रचनाकारांनीं काय साधलें? आमच्या मतें त्यांनीं उडी साधली, आणि या प्रकारांत उडी साधली कीं पुष्कळसें साधलें. एक बटण दाबलें कीं आकृति उडते. अधिक वेळ दाबून धरलें कीं अधिक उंच जाते. दुसरें बटण दाबून धांवत आलें कीं दूर जाते. नियम एवढेच. पण समोरचा खड्डा दोन ओट्यांइतका रुंद आहे, पलीकडच्या ओट्यावर शत्रु येरझारा घालीत आहे, आणि वरून दुसरा खालीं येत आहे, अशा वेळीं कोठून धांव घ्यावी आणि अंगठा केव्हां उचलावा, याचा निर्णय क्षणार्धांत करावा लागतो. हा निर्णय प्रथम डोळे करतात, पुढें अंगठा करूं लागतो. लहानपणीं हा खेळ खेळलेला मनुष्य तीस वर्षांनीं तें यंत्र हातीं घेतो आणि पहिला खड्डा न अडखळतां ओलांडतो, तेव्हां त्याला वाटणारा आनंद हा पोहणें किंवा सायकल न विसरलेल्या अंगाचा आनंद आहे. ज्याला आपण गतकालाची ओढ म्हणतों तिचा मोठा वांटा येथें हाताच्या स्मरणाचा आहे. आणि हें स्मरण नुसत्या भावनेनें घडत नाहीं. नियम स्थिर व प्रामाणिक असल्यावांचून हात कांहींच शिकत नाहीं.

साधनांच्या दारिद्र्यांतून रचनाकारांनीं काढलेल्या वाटा पाहण्यासारख्या आहेत. मूळच्या मारिओ-खेळांत एक छत्री बळ देते व निराळ्या रंगाची दुसरी छत्री एक जीव वाढविते. चार छटांच्या पडद्यावर हा भेद कसा दाखवावा? येथें वाढीव जीवाची छत्रीच काढून टाकली, आणि तिच्या जागीं बदामाच्या आकाराचें हृदय आलें. मागची दृश्यें बहुधा मोकळीं ठेविलीं, म्हणजे इवलीशी आकृति गर्दींत हरवूं नये. पाठमोऱ्या पडलेल्या कासवाची ढाल लाथाडून शत्रु लोळविण्याची जुनी युक्ति येथें चालत नाहीं. पाय पडतांच ती ढाल थोड्या वेळानें फुटते, आणि शिकाऱ्याला पळ काढावा लागतो. फूल मिळाल्यावर हातीं येतो तो आगीचा गोळा नसून भिंतीवरून टप्पे घेत जाणारा चेंडू. एका वेळीं एकच फेंकतां येतो, पण तोच चेंडू अवघड कोनाड्यांतील नाणीं गोळा करून आणतो. प्रत्येक साध्या टप्प्याच्या शेवटीं दोन दारें: खालचें सरळ पुढें नेणारें, वरचें अवघड, पण तेथें पोंचणाऱ्यास बक्षिसाचा छोटासा खेळ मिळतो. घाई आणि लोभ यांतील निवड खेळणाऱ्यानें स्वतः करावी, अशी ही योजना आहे.

आतां या कृतीचा जो विशेष आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो त्याकडे येऊं. या खेळाचा पडदा एकाच दिशेनें सरकतो. मारिओ उजवीकडे जाऊं लागला कीं डावीकडचें जग पडद्याच्या कडेशीं कायमचें संपतें; मागें राहिलेलें नाणें, चुकलेलें फूल, न उघडलेली पेटी यांकडे परत फिरतां येत नाहीं. पाणबुडींतून व विमानांतून जावयाच्या टप्प्यांत तर पडदा आपण होऊनच पुढें सरकतो आणि रेंगाळणाऱ्याला थारा देत नाहीं. सर्व जीव संपले कीं प्रवास संपला. आणि कार्ट्रिजमध्यें प्रगति नोंदवून ठेवण्याची सोयच नसल्यामुळें यंत्र बंद केलें कीं पुन्हा पहिल्या टप्प्यापासून आरंभ. मागील काळाच्या आठवणीनें ज्याच्याकडे लोक वळतात, तो खेळ स्वतः मात्र मागें वळूं देत नाहीं, हा विरोधाभास मोठा उद्बोधक आहे. उडीला जें मोल येतें तें याच नियमामुळें. पडलों तर कांहीं गमावूं, हें ठाऊक असतें म्हणून पलीकडे पाय टेकतांच श्वास मोकळा होतो.

दोष नाहींत असें मुळींच नाहीं. या मारिओची चाल त्याच्या वडील कृतींतील चालीइतकी लवचिक नाहीं; ओट्याच्या कडेवरून नुसतें पुढें चालत गेलें तर तो दगडासारखा खालीं कोसळतो. दुसरा दोष कल्पनेच्या उथळपणाचा. चार राज्यें म्हणजे इजिप्तचे पिरॅमिड, समुद्र, ईस्टर बेटावरील दगडी मुखवटे आणि चीन. हीं दृश्यें पर्यटनाच्या भिंतीपत्रकावरून उचलल्यासारखीं आहेत. चिनी राज्यांत तर टुणटुण उड्या मारणारीं प्रेतें नांदतात, तीं १९८० नंतरच्या दशकांतील हाँगकाँगच्या भुताटकीच्या चित्रपटांनीं लोकप्रिय केलेलीं. राजकन्येला स्वतःचें कर्तृत्व कांहीं नाहीं. पहिल्या तीन राज्यांच्या अखेरीस ती भेटते, आणि जवळ जातांच तिचें रूप पालटून एखादा क्षुद्र जीव पळून जातो. हा विनोद पहिल्या खेपेस हंसवितो, तिसऱ्या खेपेस कंटाळा आणतो. परंतु तानाकाच्या संगीताविषयीं मात्र चांगलेंच बोललें पाहिजे. यंत्राला ध्वनीचे मार्ग चारच, आणि तेवढ्यांवर त्यानें अशा कांहीं चाली बांधल्या आहेत कीं यंत्र बंद केल्यावरहि त्या ओठांवर रेंगाळतात. नायक थोडा वेळ अजिंक्य होतो तेव्हां वाजणारी धांवती चाल मात्र त्याची नव्हे. ती ओफेनबाखच्या 'ऑर्फियस' या संगीतिकेंतून उसनी घेतली आहे.

या खेळाचा दुसरा भाग १९९२ सालीं निघाला. त्यांत आकृति मोठ्या व ठसठशीत आहेत, कार्ट्रिज आठपट मोठें आहे, पडदा मागें नेतां येतो, नकाशावरून वाटेल त्या प्रदेशांत आधीं जातां येतें, आणि प्रगति जपून ठेवण्याची व्यवस्था आहे. तरीहि तेथें सर्व जीव संपले कीं मिळविलेलीं सोन्याचीं नाणीं हातचीं जातात. म्हणजे सोय वाढविली तरी हानीचें तत्त्व रचनाकारांनीं सोडलें नाहीं. तीन वर्षांत तंत्र पुढें गेलें आणि कृति अधिक समृद्ध झाली हें आम्हांस मान्य आहे. पण पहिल्या भागाचा जो आटोपशीर घाट, एका बैठकींत सुरू होऊन त्याच बैठकींत संपणारा, तो दुसऱ्यांत उरला नाहीं. दोहोंत जो फरक आहे तो कादंबरी आणि लघुकथा यांतील फरक आहे, आणि लघुकथेला कादंबरीच्या मापानें मोजूं नये.

आतां प्रश्न पुनरावृत्तीचा. 'सुपर मारिओ लँड' हा खेळ २०११ सालीं कंपनीच्या '३डीएस' या यंत्रासाठीं पुन्हा विक्रीस आला. त्या यंत्राच्या दुकानांतील खरेदी मार्च २०२३ मध्यें बंद करण्यांत आली. पुढें २०२४ सालीं तो 'स्विच' यंत्राच्या वर्गणीदारांना मिळणाऱ्या जुन्या खेळांच्या संग्रहांत आला. येथें तो मोठ्या निगुतीनें मांडला आहे. पाहिजे तर पडद्याला मूळची हिरवट छटा देतां येते, पाहिजे तर पुढच्या आवृत्तीची करडी. आणि त्याबरोबर आणखी एक सोय जोडली आहे: बटण दाबून धरलें कीं घडलेला प्रसंग उलटा सरकतो, खड्ड्यांत पडलेला मारिओ पुन्हा कड्यावर येतो, आणि फसलेली उडी पुन्हा मारतां येते.

या सोयीच्या बाजूनें जें बोललें जातें तें आम्ही हलकें मानीत नाहीं. प्रौढ माणसाला वेळ थोडा असतो. एखाद्याच्या बोटांना दुखण्यानें किंवा वयानें मंदपणा आलेला असतो, आणि त्याला या सोयीवांचून हा खेळ पाहावयासहि मिळणार नाहीं. त्याच्यासाठीं ती असावीच. शिवाय ती ऐच्छिक आहे. हें सर्व खरें. तरीहि प्रगति नोंदविणें आणि काळ उलटा फिरविणें या दोन गोष्टी एकाच मापाच्या समजणें योग्य नव्हे. पहिली म्हणजे पुस्तकांत घातलेली खूण. वाचक उद्यां तेथूनच वाचूं लागेल, पण पुस्तक बदलत नाहीं. दुसरीनें कृतीचा अर्थच बदलतो. ज्या खेळांत पडदासुद्धां मागें सरकत नाहीं, त्यांत काळ मागें सरकूं लागला कीं खड्डा हा खड्डा राहत नाहीं, जीव मोजण्याला कारण उरत नाहीं, आणि वरच्या अवघड दाराकडे जावें कीं खालच्या सोप्या, या निवडींतला पेंच नाहींसा होतो. हिरवट रंग जपला, सूर जपले, ठिपका न ठिपका जपला. आणि ज्या नियमानें या सर्वांना प्राण दिला होता तो मात्र अंगठ्याच्या एका दाबावर सोडून दिला. जुन्या वाड्याचा दर्शनी भाग राखून आंतील चौक काढून टाकावा, तसा हा जीर्णोद्धार आहे.

आपल्याकडे या विषयाला एक निराळी बाजू आहे. महाराष्ट्रांतील मध्यम वर्गाच्या पुष्कळ घरांत १९९० नंतरच्या दशकांत मारिओ आला तो टेलिव्हिजनला जोडावयाच्या नकली यंत्रांतून आणि एकांत शेंकडों खेळ असल्याची जाहिरात करणाऱ्या कार्ट्रिजांतून. हातांत धरावयाचा खेळ म्हणजे बहुतेकांना ठोकळे रचण्याचा 'ब्रिक गेम'. खरा गेम बॉय परदेशांतल्या मामानें किंवा काकानें आणला तरच दिसावयाचा. त्यामुळें 'सुपर मारिओ लँड' आज प्रथमच हातीं घेणारे वाचक आपल्यांत अधिक असतील, आणि ही गोष्ट टीकेच्या दृष्टीनें फार सोयीची आहे. एखादी जुनी कृति खरोखर चांगली आहे कीं नुसती जुनी आहे, याची कसोटी जिला तिच्याविषयीं कसलीहि आठवण नाहीं अशा व्यक्तीच्या हातीं ती दिल्यानेंच लागते. दहा वर्षांच्या मुलाला तिच्या हिरवट पडद्यांत काव्य दिसणार नाहीं. त्याला दिसेल तो खड्डा आणि त्यापलीकडचा ओटा. पहिल्या संध्याकाळीं तो पहिल्या राज्यांतच सर्व जीव गमावील, आणि चार दिवसांनीं तिसऱ्या राज्यांतील शिळांपर्यंत जाईल. या चार दिवसांत त्याच्या हाताला जें आलें, तें कोणी त्याला उसनें दिलेलें नाहीं.

म्हणून पालकांना आमची सूचना अशी कीं, हा खेळ मुलांना द्यावयाचा असेल तर आरंभीं तरी मूळच्या अटींवर द्यावा. मागें फिरविण्याची सोय काय आहे तें सांगावें, पण ती वापरण्यापूर्वी एकदां तिच्यावांचून शेवटपर्यंत जाण्याचा प्रयत्न करूं द्यावा. आजच्या फोनवरील कित्येक खेळांना शेवटच नसतो, आणि हरलेल्याला पैसे भरून पुढें जाण्याचें आमंत्रण त्यांत पावलोपावलीं असतें. त्यांच्या तुलनेनें बारा टप्प्यांत संपणारा, हरलेल्याकडून पुन्हा प्रयत्नाखेरीज कांहीं न मागणारा हा खेळ किती सभ्य आहे, हें मुलांना न सांगतांच कळेल.

योकोई १९९७ सालीं मोटारीच्या अपघातांत वारला. त्याच्या यंत्राहून कितीतरी समर्थ यंत्रें नंतर झालीं, आणि त्या यंत्रांच्या पडद्यांवर त्याच्या विभागाचा हा लहानसा खेळ अजून चालतो. तो चिरंजीव आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. मारिओच्या घराण्यांत याहून सरस कृति आहेत. पण साधनें थोडीं असतांना रचनेचा कस कसा लागतो, याचें हें स्वच्छ उदाहरण आहे. ज्यांना तो पूर्वीपासून ठाऊक आहे त्यांनीं एकदां आठवण बाजूला ठेवून तो खेळावा, आणि खड्ड्यांत पडल्यावर अंगठा त्या नव्या बटणाकडे न नेतां पुन्हा आरंभापासून निघावें. त्यांना जुना काळ परत मिळणार नाहीं; मात्र एक चांगला खेळ मिळेल.